शिट्टीनंतर

"बाबर, घोटा धर, घोटा," आमची कर्णधार मागून ओरडली, तेव्हा नलू कासार माझ्यापासून दोन हातांवर होती.

तालुका स्पर्धेचा अंतिम सामना होता. डिसेंबरातली सकाळ, तासगावातलं शाळेचं मैदान, चुन्याच्या रेघा आणि दोन्ही बाजूंना माणसं. आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि मोजून चार मिनिटं उरली होती. नलू त्यांच्या मंडळाची मुख्य चढाईपटू, मी आमच्या मंडळाची डावी कोपरारक्षक. या सामन्यावरून माने सर जिल्ह्याचा संघ निवडणार होते आणि जिल्ह्याकडून राज्याला खेळलेल्या मुलींना नोकऱ्या लागत होत्या. माझ्यासाठी त्याचा अर्थ सोपा होता. आमचे आण्णा म्हणाले होते, "यंदा नाव आलं तर खेळ. नाही आलं तर वैशाखात लग्न."

आण्णा त्या दिवशी पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आले होते. पहिल्या डावात नलूनं मला दोनदा बाद केलं. दुसऱ्यांदा बाद करून परत जाताना ती मध्यरेषेवर वळली आणि हसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाकऱ्या थापायच्या सोडून आलीस कशाला?" लोक हसले. मी बाहेर जाऊन बसताना गर्दीत आण्णांकडं पाहिलं. तेही हसत होते.

मी तिचा उजवा घोटा धरला. आमच्या दोघीतिघी तिच्यावर पडल्या. ती मध्यरेषेकडं सरकायला धडपडली, पण तिचा दम सुटला. शिट्टी वाजली.

शिट्टी वाजली की सोडायचं, हे आम्हाला शाळेपासून शिकवलेलं. नलूनं अंग सैल सोडलं. तिच्या पायातलं बळ गेलेलं माझ्या हाताला कळलं. आणि त्यानंतर मी तो घोटा पिळला.

ती ओरडली नाही. मान वर करून तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं. चौघांनी उचलून नेलं तेव्हाही ती मान वळवून माझ्याकडंच बघत होती. पंच, माने सर, तिच्या संघातल्या मुली, सगळ्यांनी ते झटापटीत झालं असंच धरलं. पकडीचा गुण आम्हाला मिळाला. सामना आम्ही एका गुणानं जिंकलो.

संध्याकाळी कळलं की घोट्याजवळ हाड मोडलं आहे. सहा आठवडे प्लास्टर.

चौथ्या दिवशी मी पिशवीत पेरू घेतले आणि सायकल काढली. नलू तासगावातच राहायची, आमचं गाव तिथून सहा किलोमीटर. का जाते आहे ते मला माहीत नव्हतं. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं.

नलूचं घर कासार गल्लीत. बाहेरच्या खोलीत दुकान, भिंतीला बांगड्यांसाठी फळ्यांची मांडणी, आत एक खोली आणि स्वयंपाकघर. वडील नव्हते. आई, अनसूयाबाई, बांगड्यांची पेटी घेऊन आठवड्यातले चार दिवस आसपासच्या गावांच्या बाजाराला जायच्या. दार त्यांनीच उघडलं.

"तू कोण गं?"

"शालन बाबर. नलूबरोबर... नलूविरुद्ध खेळते."

"बघायला आलीस व्हय. ये की आत." त्यांनी पिशवी हातातून घेतली. "हिच्या संघातल्या पोरी एकदा आल्या नि गेल्या. तू विरुद्धची असून आलीस."

नलू त्या बाहेरच्या खोलीतच खाटेवर होती. पाय उशीवर. आई चहा टाकायला आत गेली तेव्हा ती हळू म्हणाली, "शिट्टी ऐकली होतीस ना?"

"हो."

"मग ठीक आहे. मला वाटलं, मलाच भास झाला."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं हात वर करून थांबवलं. "उद्या दहाला ये. आई सावळजच्या बाजाराला जाणार आहे. माझे केस धुवायचेत."

मी गेले. तिचे केस कमरेच्या खाली, दाट. ती खाटेवर आडवी झाली, मान कडेवरून खाली सोडली, खाली मी घंगाळ ठेवलं. शिकेकाई उकळून गाळून घेतलेली होती.

"पाणी कढत आहे."

मी गार घातलं.

"आता गार झालं."

तीनदा पाणी बदलायला लावलं. शिकेकाई डोळ्यांत गेली म्हणून बोलली. नीट निथळले नाहीत म्हणून पुन्हा धुवायला लावले. मग ते पुसायचे, धुपावर वाळवायचे, विंचरायचे. घंगाळ उचलून बाहेर ओतताना माझी पाठ भरून आली. निघताना म्हणाली, "बाबर, उद्या नखं काढायचीत. परवा वाचनालयातून पुस्तकं बदलून आण. आणि परत केस गुरुवारी."

मी मान डोलावली. मला वाटलं, ही मला फेडायला देते आहे, आणि मी फेडत होते. रोज सकाळी घरचं आवरून सायकल काढायची, दहाला तिच्या दारात. पाणी भरायचं, तिला कुबड्या देऊन मोरीपर्यंत न्यायचं, भाकऱ्या थापायच्या. होय, भाकऱ्याही. पहिल्या दिवशी परातीसमोर बसले तेव्हा ती खाटेवरून बघत होती. कडा फाटल्या आहेत, एवढंच ती जेवताना म्हणाली.

अनसूयाबाई संध्याकाळी दमून आल्या की मला बघून त्यांचा चेहरा उजळायचा. पेटीतून काहीतरी काढून हातावर ठेवायच्या. कधी बाजारातली जिलेबी, कधी बोरं. "माझ्या पोरीला असं कोण करतं गं," म्हणायच्या. ते ऐकलं की मी उठून घंगाळ घासायला घ्यायची. नलू अशा वेळी छताकडं बघायची.

आण्णांना मी सांगितलं होतं की जायबंदी खेळाडूकडं जाते. त्यांनी विचारलं, "तीच का, जिभेची तिखट?" मी हो म्हटलं.

पंधरा दिवस असेच गेले. आमच्यात कामापुरतं बोलणं. मग एक दिवस मी केस विंचरत होते आणि ती अचानक म्हणाली, "पकड करताना तू आधी डोळ्यांनी सांगतेस."

"म्हणजे?"

"कुठला पाय धरणार त्याच्याकडं बघतेस. म्हणून मी तुला दोनदा बाद केलं. चढाई करणारीच्या पोटाकडं बघायचं. पाय आपोआप दिसतो." तिनं आरसा बाजूला ठेवला. "उठ, उभी राहा तिथं."

त्या दिवसापासून केस धुऊन झाले की शिकवणी. खाट हे तिचं मैदान. ती कुबडीनं फरशीवर रेघ दाखवायची, मी कोपऱ्यात उभी राहायची, ती ओरडायची, "डावीकडं झुकू नकोस. परत झुकलीस. तुझ्या टाचेत काय शिसं भरलंय का?" एकदा मी मागे सरकताना बांगड्यांच्या मांडणीला धडकले आणि लाखेच्या बांगड्यांची आख्खी लड खाली आली. आम्ही दोघी श्वास रोखून बघत राहिलो. एकही फुटली नाही. नलू हसायला लागली. हसताना पाय हलला आणि कळ आली, तरी हसू थांबेना. मीही खाली बसून हसले. तिला मी त्याआधी हसताना बघितलं होतं ते फक्त मध्यरेषेवर.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सायकलची साखळी तुटली. तीन किलोमीटर सायकल ढकलत गेले. पोचायला बारा वाजले. नलू कुबड्यांवर दारात उभी होती.

"ही वेळ झाली यायची?"

"साखळी तुटली."

"माझं पाणी गार झालं. दोनदा तापवलं मी, एका पायावर." इतकी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती, मैदानावरसुद्धा. "यायचं नसेल तर तसं सांगून जात जा. माणूस वाट बघतं."

मी चूल पेटवली.

पुढच्या आठवड्यात माने सरांनी यादी लावली. नलूच्या जागी जिल्ह्याच्या संघात माझं नाव होतं. सोमवारी सकाळी दहाच्या गाडीनं सगळ्या मुलींनी सांगलीच्या शिबिराला निघायचं होतं.

मी बातमी सांगितली तेव्हा अनसूयाबाई घरी होत्या. त्यांनी मला पाटावर बसवलं, पेटी उघडली. "थांब. हात दे. खेळताना काढशील, पण जाताना हात भरलेले पाहिजेत." त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बोटं दाबत एकेक हिरवी बांगडी चढवायला लागल्या. "सैल सोड हात. असा. नलूची जागा दुसऱ्या कुणाला गेली असती तर मला लागलं असतं बघ. तुला गेली, माझं काळीज थंड झालं. तू काही परकी नाहीस."

डाव्या हातात सहा झाल्या. त्यांनी उजवा हात ओढला.

"मावशी," मी म्हणाले, "तिचा पाय मी मोडला."

"खेळात होतं गं असं."

"खेळात नाही. शिट्टी झाली होती. तिनं पाय सैल सोडला होता. मग मी मोडला. मुद्दाम."

खाटेवर नलू म्हणाली, "शालन, गप्प बस." तिनं मला पहिल्यांदा नावानं हाक मारली ती अशी.

अनसूयाबाईंनी माझा हात सोडला नाही लगेच. तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुला ठाऊक होतं?" हा प्रश्न नलूला होता. नलूनं मान डोलावली. मग त्यांनी माझा उजवा हात माझ्याच मांडीवर ठेवला, पेटी बंद केली आणि म्हणाल्या, "ऊठ."

"मावशी..."

"महिनाभर माझ्या घरात जेवलीस. माझ्या हातानं वाढलंय मी तुला. ऊठ."

एका हातात सहा बांगड्या आणि दुसरा हात रिकामा, अशी मी सायकल चालवत घरी आले.

ती बुधवारची गोष्ट. गुरुवारी गेले नाही, शुक्रवारी नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की शिबिराला जायचं नाही. ती जागा माझी नव्हती. आण्णांना म्हणाले, "वैशाखाचं बघा तुमचं." त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "नाव आलं म्हणालीस ना?" मी उठून आत गेले.

रविवारी दुपारी मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. आण्णा ओट्यावर दोरी वळत होते. फाट्याकडून रस्त्यानं कोणीतरी कुबड्यांवर येताना दिसलं. एस. टी. फाट्यावर सोडते, तिथून आमचं घर अर्ध्या मैलावर, आणि रस्ता खडीचा. मी उठून पळत गेले. नलूच्या कपाळावरून घाम गळत होता आणि प्लास्टर धुळीनं तांबडं झालं होतं.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "आले मी इथवर, दारापर्यंतही येते."

अंगणात आल्यावर ती आण्णांना म्हणाली, "काका, शालनला न्यायला आलेय." आण्णांनी दोरी बाजूला ठेवली, आतून खुर्ची आणली, पाण्याचा तांब्या आणला आणि परत ओट्यावर जाऊन बसले. पण आता दोरी वळत नव्हते.

"तू उद्या जाणार नाहीस, होय ना?" नलू म्हणाली.

"नाही."

"मग माझा पाय कशाला मोडलास? तू घरी बसायला?"

मी म्हणाले, "नलू, तू कुणालाच का सांगितलं नाहीस? पंचांना नाही, माने सरांना नाही. आईलाही नाही."

ती पाणी प्यायली. "सांगितलं असतं तर तुला शिक्षा त्यांनी दिली असती. मला स्वतः द्यायची होती. तू पेरू घेऊन आलीस तेव्हा माझ्या मनात आलं, हिला राबवायची. माझे केस, माझी नखं, माझं घंगाळ. सहा आठवडे हिची पाठ मोडायची आणि प्लास्टर निघालं की मग माने सरांना सगळं सांगायचं. तेव्हा यादी लागलेली असेल. नाव आलेलं असेल. तेव्हा ते काढून घेतलेलं तुला जास्त लागेल."

ती हे शांतपणे सांगत होती, पावसापाण्याचं बोलावं तसं. इतके दिवस मला वाटत होतं की ती मला मोठ्या मनानं फेडायची संधी देते आहे.

"मग सांगितलं का नाहीस? यादी तर लागली."

"तेच तर." ती कुबडीच्या टोकानं जमीन उकरायला लागली. "त्या दिवशी तुझी साखळी तुटली बघ. मी दहापासून दारात उभी. चिडले, खूप चिडले. आणि तुला बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी पायासाठी चिडले नाही. तू उशिरा आलीस म्हणून चिडले. पायाचा राग शोधला मी, शालन. रात्री पडल्या पडल्या शोधला. मैदान आठवलं, शिट्टी आठवली, तुझं तोंड आठवलं. राग आलाच नाही. तुझा हात केसांतून फिरतो ते आठवायचं." ती थांबली. "मला बरं वाटायचं ते. पाणी नीट असायचं. मी उगाच बोलायची."

मी रडले का ते आता आठवत नाही. बहुतेक नाही. मी तिला एवढंच म्हणाले, "तू भाकऱ्यांचं बोललीस ना त्या दिवशी, तेव्हा आण्णा तिथं होते. तेही हसले."

नलूनं ओट्याकडं पाहिलं. "ते मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

तिनं विचार केला. "तरी बोलले असते. तेव्हा मी तशीच होते. पण आज वाईट वाटतंय."

ओट्यावर आण्णा खाकरले. उठून गोठ्याकडं गेले.

संध्याकाळी परतीची गाडी नव्हती, म्हणून नलू राहिली. सकाळी उठून बघते तर आण्णांनी पाटलांची जीप दारात आणून उभी केली होती. त्यांनी माझी पिशवी स्वतः जीपमध्ये टाकली, नलूच्या कुबड्या मांडीवर घेऊन पुढं बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आठाच्या आत पोचव. पोरीची दहाला गाडी आहे." वाटेत मागे न वळता म्हणाले, "त्या दिवशी मी हसायला नको होतं." कोणाला म्हणाले, मला की नलूला, ते मी विचारलं नाही.

माने सर मैदानावर होते. नलूनं आधीच बजावलं होतं, "सांगायचं असेल तर जायच्या आधी सांग. आल्यावर सांगून उपयोग नाही." मी सांगितलं. सरांनी नलूच्या प्लास्टरकडं पाहिलं. मग नलूला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"तिला न्या."

"का?"

"कोपरा चांगला धरते. आता डोळ्यांनी सांगत नाही. मी शिकवलंय."

सर माझ्याकडं वळले. "नेतो. पण सातांत घेणार नाही. राखीव म्हणून बसायचं. मुलींना पाणी द्यायचं, पाय चेपायचे. का ते मी कुणाला सांगणार नाही. तुला सांगायचं तर सांग."

मी गेले. शिबिरातल्या मुलींना तिसऱ्या दिवशी सांगितलं. दोघी माझ्याशी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. राज्य स्पर्धेत मला एका साखळी सामन्यात दहा मिनिटं मिळाली आणि त्या दहा मिनिटांत मी दोन पकडी केल्या. नोकरी लागायला आणखी दोन वर्षं गेली, पण लागली, टपाल खात्यात. वैशाखातलं लग्न आण्णांनी आपणहून पुढं ढकललं, आणि नंतर ढकलतच राहिले. नलूचा पाय बरा झाला, पण घोटा पूर्वीसारखा वळला नाही. एक हंगाम ती मंडळाकडून खेळली आणि मग दुकानात बसली. ते दुकान तिनं इतकं वाढवलं की आज गल्लीत तिची दोन मजली इमारत आहे. आम्ही दोघीही पन्नाशी ओलांडलेल्या बायका आहोत आणि आठवड्यातून एकदा तरी भांडतो.

पण मला सांगायचं आहे ते त्याच सोमवारचं. माने सरांकडून निघालो तेव्हा नऊ वाजले होते. नलू म्हणाली, "घरी चल." मी म्हणाले, "मावशी आहेत ना?" ती म्हणाली, "म्हणून तर."

अनसूयाबाई बाजाराची पेटी भरत होत्या. आम्हाला दारात बघून त्यांचे हात थांबले. नलू आत जाऊन खाटेवर बसली. मी उंबऱ्याबाहेर उभी.

"नलू," त्या म्हणाल्या, "तिला सांग, माझा राग गेलेला नाही."

नलू माझ्याकडं बघून म्हणाली, "आईचा राग गेलेला नाही."

"बरं," मी म्हणाले.

"आणि जाणारही नाही एवढ्यात, म्हणावं."

"ऐकलं तिनं."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं, कडी घातली, परत काढली. "तिला विचार, घरून जेवून निघाली का."

नलूनं भुवया उडवल्या. मी मान हलवली.

"नाही म्हणते."

"सांगलीला पोचायला बारा वाजतील. मग शिबिरात कुणी ताट घेऊन बसलेलं नसतं, म्हणावं." त्या चुलीकडं गेल्या. "तिला म्हणावं, आत ये. दारात उभं राहून कुणी जेवत नाही."

मी आत जाऊन जेवले. त्यांनी वाढलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. शिबिर, स्पर्धा उरकून परतल्यावर फेब्रुवारी, मार्च, एप्रिल मी दर गुरुवारी जात होते आणि दर गुरुवारी आमचं सगळं बोलणं नलूमार्फत चालायचं. तिला विचार, चहा घेणार का. तिला सांग, सायकल सावलीत लाव. नलू कंटाळून म्हणायची, "आई, ती समोर बसलीय." त्या ऐकायच्या नाहीत.

जूनमध्ये एका दुपारी नलू दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होती. आत आम्ही दोघीच होतो. अनसूयाबाई चोळी शिवायला बसल्या होत्या आणि दोरा सुईच्या नेढ्याशी पुन्हा पुन्हा चुकत होता. त्यांनी बाहेर नलूच्या दिशेनं पाहिलं. नलू येण्याचं लक्षण नव्हतं. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. मग सुई माझ्यापुढं धरली.

"शालन," त्या म्हणाल्या, "एवढी ओवून दे गं. मला दिसत नाही."

मी ओवून दिली.